आफ्रिका आपसांत काय भांडते, ते आधी ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी तुम्हाला 'आफ्रिकी विचार आणि निर्वसाहतीकरण' (म्हणजे वसाहतीच्या राजवटीचा पगडा राज्यावरून, अर्थकारणावरून आणि विचारांवरून दूर करणं) हा विषय घ्यायचा आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं असं की आफ्रिकेत लिखित तत्त्वज्ञानाची परंपराच नव्हती, आणि बहुतेक देश स्वतंत्र होऊन साठ वर्षं उलटली, तर आता निर्वसाहतीकरण कशाचं करायचं? पाश्चात्त्य विद्यापीठांतून आलेली ही लाट आहे, चार वर्षांत ओसरेल. तुम्ही विचारता, विषय खरा आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करू?

विषय खरा आहे, जरूर घ्या. आफ्रिकेचा आधुनिक इतिहास आणि राजकीय विचार शिकवण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो: मार्गदर्शकांची शंका खोडून काढण्यासाठी प्रबंध लिहू नका. 'आफ्रिकेतही तत्त्वज्ञान होतं' हे सिद्ध करायला बसलात की सगळं लिखाण आरोपीच्या पिंजऱ्यातून दिलेल्या जबाबासारखं होतं. प्रश्न दुसऱ्याचा, पुरावे गोळा करायचे आपण, आणि निकाल पुन्हा दुसऱ्याच्या हाती. आफ्रिकेतल्या उत्तम विचारवंतांनी ही अवस्था फार पूर्वी ओळखली आणि तिच्यातून बाहेर कसं पडायचं यावर एकमेकांशी कडाडून वाद घातले. ते वाद हाच तुमचा विषय आहे.

तरी शंका आली कुठून, हे माहीत असलेलं बरं. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने १८२०च्या दशकात बर्लिनमध्ये इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यानं दिली. त्यांत त्याने आफ्रिकेचे तीन तुकडे केले. भूमध्य समुद्राकाठचा भाग युरोपला जोडला, नाईलचं खोरं आशियाला, आणि सहाराच्या दक्षिणेला जे उरलं त्याला खरी आफ्रिका म्हणून तिला इतिहासच नाही असं सांगितलं. पुढे १९६३ मध्ये ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी जाहीर व्याख्यानात म्हटलं की आफ्रिकेत युरोपियनांचा इतिहास तेवढा आहे, बाकी अंधार. हे साल नीट लक्षात ठेवा. त्याआधी सात वर्षं, १९५६ मध्ये, नायजेरियाचे केनेथ डिके यांचं नायजर नदीच्या मुखाकडच्या व्यापारावरचं आणि राजकारणावरचं पुस्तक निघालं होतं. ते छापलं होतं ऑक्सफर्डच्याच छापखान्याने. डिके तेव्हा इबादान विद्यापीठात इतिहासकारांची आख्खी पिढी घडवत होते. मौखिक परंपरा पुरावा म्हणून कशी तपासायची, याची शिस्तशीर पद्धत बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना यांनी १९६१ मध्ये मांडून ठेवली होती. ज्याला वाचायचं होतं त्याला सगळं हाताशी होतं.

ही शंका पुराव्याने मिटत नाही हे दाखवायला मी वर्गात नेहमी ग्रेट झिंबाब्वेचं उदाहरण घेतो. आजच्या झिंबाब्वेतल्या मस्विंगो शहराजवळ हे अवशेष आहेत. तिथल्या मोठ्या आवाराची बाहेरची भिंत घेराने सुमारे २५० मीटर आणि काही ठिकाणी ११ मीटर उंच. ग्रॅनाइटचे चिरे एकावर एक रचत नेलेले, सांध्यात चुना नाही की गारा नाही. शोना लोकांच्या पूर्वजांनी अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान हे बांधलं. त्यांचा व्यापार हिंदी महासागरापर्यंत पोचलेला होता; चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे तिथे सापडले आहेत. १८७१ मध्ये कार्ल माउख नावाचा जर्मन प्रवासी तिथे पोचला. एका दाराच्या तुळईची ढलपी काढून त्याने ती आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली. रंग आणि वास सारखा वाटला. पेन्सिल सीडरची, सीडर लेबनॉनचा, म्हणजे इथे राहत होती ती बायबलमधली शेबाची राणी, असा त्याचा निष्कर्ष. लाकूड तिथल्याच रानातल्या झाडाचं होतं. पण पुढे हा प्रदेश ताब्यात घेणाऱ्या इंग्रज साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीला ही कथा फार सोयीची ठरली. जुन्या काळी गोरे इथे राज्य करत होते, आम्ही परत आलो आहोत, एवढं सांगता आलं की जमीन बळकावल्याचा बोल लागत नाही. १९०२ ते १९०४ या काळात रिचर्ड हॉल याने 'स्थानिकांची घाण' साफ करतो म्हणत आतले कित्येक फूट मातीचे थर उपसून फेकून दिले. ज्या थरांत बांधणाऱ्यांच्या चुली, खापरं, हत्यारं होती तेच थर त्यात गेले.

१९०५ मध्ये पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकआयव्हर यांनी हे काम आफ्रिकी लोकांचंच असल्याचं स्पष्ट सांगितलं. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी काटेकोर उत्खनन करून तेच पुन्हा दाखवून दिलं. तरीसुद्धा १९६५ नंतर ऱ्होडेशियाच्या (झिंबाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारने परदेशी बांधकऱ्यांची कथा उचलून धरली आणि सरकारी पुरातत्त्वज्ञ पीटर गार्लेक यांना शेवटी देश सोडावा लागला. म्हणजे पुरावा साठ-पासष्ट वर्षं डोळ्यांसमोर होता, त्याने काही बदललं नाही. बदललं ते १९८० मध्ये, बहुसंख्यांचं राज्य आल्यावर. देशाने त्या भिंतींचं नाव घेतलं आणि तिथला दगडी पक्षी ध्वजावर आला. ज्ञानाचा प्रश्न आणि सत्तेचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे मला कुठल्याही सिद्धांताआधी या भिंतीने शिकवलं.

लिखित परंपरेचं म्हणाल तर तीही होती. आजच्या माली देशातल्या टिंबक्टूचे अहमद बाबा (१५५६-१६२७) यांचंच पाहा. मोरोक्कोच्या फौजेने १५९१ मध्ये टिंबक्टू ज्यात होतं ते सोंघाय साम्राज्य मोडलं, आणि त्यानंतर या विद्वानाला कैद करून माराकेशला नेलं. परतल्यावर १६१५ मध्ये, कुणाला गुलाम करता येतं आणि कुणाला नाही यावर त्यांनी एक सविस्तर मतपत्र लिहिलं. काळ्या कातडीमुळे माणूस गुलाम ठरतो ही कल्पना त्यांनी साफ नाकारली. गुलामगिरी मात्र नाकारली नाही. धर्म हा निकष ठेवला. हे दोन्ही तुमच्या लिखाणात आलं पाहिजे, फक्त पहिलं नको.

इथे एक सावधगिरी सांगतो. सतराव्या शतकातल्या इथिओपियाच्या झेरा याकोब या विचारवंताचं नाव तुम्हाला हमखास भेटेल. 'आफ्रिकेचा देकार्त' अशी, म्हणजे त्याच शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावाने, त्याची ओळख करून दिली जाते. त्याच्या नावावरच्या ग्रंथाची हस्तलिखितं एकोणिसाव्या शतकात एका इटालियन मिशनऱ्याच्या हातून पुढे आली, आणि ग्रंथ त्या मिशनऱ्यानेच रचला की काय, हा वाद १९२० पासून चालू आहे. दोन्ही बाजूंना अभ्यासू माणसं आहेत. तुमचं म्हणणं या एका खुंटीवर टांगू नका. आणि 'आफ्रिकेचा अमुक' ही उपाधी तर वापरूच नका. मोजपट्टी कुणाची आहे ते तिच्यातच कळतं.

आता मुख्य वादाकडे येतो. १९४५ मध्ये बेल्जियन काँगोत काम करणारे मिशनरी प्लासिद टेंपल्स यांनी लिहिलं की बांटू भाषा बोलणाऱ्या तिथल्या लोकांना स्वतःचं तत्त्वज्ञान आहे, आणि त्याच्या मुळाशी जीवनशक्तीची कल्पना आहे: त्यांच्या लेखी असणं म्हणजे शक्ती असणं. अनेक आफ्रिकी वाचकांना तेव्हा हायसं वाटलं. एका गोऱ्या धर्मगुरूने का होईना, आमच्यात विचार आहे हे मान्य केलं. पण कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाचे कवी एमे सेझेर यांनी १९५० मध्येच यातली मेख दाखवली. काँगोच्या खाणींत आणि मळ्यांत राबणाऱ्या माणसाला मजुरी नको, घर नको, त्याच्या जीवनशक्तीचा मान राखला की झालं, असा त्याचा अर्थ निघतो. मालकाला एवढा मान राखायला काहीच खर्च येत नाही.

पुढे १९७०च्या दशकात बेनिन देशाचे पॉलिन हुंतोंजी यांनी याहून मोठा घाव घातला. सगळ्या जमातीचं मिळून एकच तत्त्वज्ञान असतं, प्रत्येक जण नकळत तेच मानतो, हा विचार त्यांनी धुडकावला. फ्रेंच माणसांचं तत्त्वज्ञान काय, असं कुणी विचारत नाही. तिथे देकार्त आहे, पास्काल आहे, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. मग आफ्रिकेतच सगळे एकमताने कसे विचार करतात? तत्त्वज्ञान म्हणजे नाव असलेल्या माणसांनी घेतलेली जबाबदारी, चुकायची तयारी ठेवून केलेला युक्तिवाद, असं ते म्हणत. आणि खरा प्रश्न ते पुढे विचारतात: ही 'बांटू तत्त्वज्ञान' छापाची पुस्तकं कोण कुणासाठी लिहितं? आफ्रिकी शेतकऱ्यासाठी नाही, शेजारच्या देशातल्या प्राध्यापकासाठीही नाही. ती युरोपातल्या वाचकाकडे तोंड करून लिहिलेली असतात.

हुंतोंजींनी ही बहिर्मुखता फक्त तत्त्वज्ञानापुरती पाहिली नाही, आणि माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम इथे आहे. वसाहतीच्या काळात जसा कोको, भुईमूग, तांबं कच्चं बाहेर जायचं आणि पक्का माल होऊन परत यायचा, तसंच ज्ञानाचं झालं. वनस्पतींचे नमुने, भाषांच्या नोंदी, रोगांची आकडेवारी, लोककथा सगळं आफ्रिकेत गोळा व्हायचं. त्याचा अर्थ लावण्याचं, सिद्धांत बांधण्याचं काम पॅरिस, लंडन, ब्रसेल्समध्ये. स्वातंत्र्यानंतरही संशोधक आपल्याच गावची माहिती घेऊन उत्तरेकडच्या ग्रंथालयात जातो, तिकडच्या नियतकालिकात छापतो, आणि तिकडच्या संपादकाला रस वाटेल असेच प्रश्न निवडतो. कोकोचं चित्र आजही फारसं बदललेलं नाही. जगातला अर्ध्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. मोठ्या चॉकलेट कंपन्यांची नावं आठवून पाहा, त्यांतली किती आबिजान किंवा अक्राची आहेत?

हुंतोंजींवरही टीका झाली, आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. केनियाचे हेन्री ओडेरा ओरुका यांना जमातीच्या सामुदायिक तत्त्वज्ञानाची कल्पना हुंतोंजींइतकीच नापसंत होती. पण विचार लिहिलेलाच असला पाहिजे, हेही त्यांना पटेना. ते गावोगावच्या जाणत्या म्हाताऱ्यांकडे गेले आणि मुलाखती घेतल्या. देव आहे का, स्त्री-पुरुष समान आहेत का, मरणानंतर काय, असे प्रश्न विचारून उत्तरावर उलट प्रश्न केले. त्यातून त्यांनी एक भेद केला. काही वृद्ध आपल्या समाजाची समज उत्तम सांगतात, पण तिच्यापलीकडे जात नाहीत. काही मात्र आपल्याच रूढीला प्रश्न विचारतात, कारणं देतात, ती नाकारतातही. ओरुकांनी या दुसऱ्यांना तत्त्वज्ञ म्हटलं, आणि त्यांची मतं नावानिशी छापली. तुम्ही गावाकडच्या असाल आणि आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या एखाद्या परखड माणसाचं बोलणं ऐकलं असेल, तर हा भेद तुम्हाला समजावून सांगावा लागणार नाही.

घानाचे क्वासी विरेडू यांचा वाद वेगळा. तिथल्या आशांटी नावाच्या समाजातल्या सभांत निर्णय बहुमताने नव्हे, सहमती होईपर्यंत चर्चा करून होत. आफ्रिकेला पक्षांच्या लोकशाहीपेक्षा ही पद्धत मानवेल, असं ते म्हणत. नायजेरियाचे इमॅन्युएल एझे यांनी विचारलं, ती सहमती खरंच युक्तिवादाने होत होती, की राजाच्या आणि पूर्वजांच्या पवित्र अधिकारापुढे लोक मान तुकवत होते? एकपक्षी राजवटींनीही सहमतीचं नाव घेऊनच विरोधकांना तुरुंगात टाकलं होतं, त्यामुळे या प्रश्नाची धार कुणाला समजावून द्यावी लागत नाही.

हे वाद वाचले की 'लिखित परंपरा नव्हती' या वाक्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. परंपरा कशाला म्हणायचं यावरच तिथे पन्नास वर्षं काम झालं आहे.

दुसरी शंका: स्वातंत्र्य मिळालं, मग आता कसलं निर्वसाहतीकरण? इथे अर्थकारण पटकन सांगतो, कारण ते समजायला सोपं आहे. १९५८ मध्ये फ्रान्सचे नेते द गॉल यांनी फ्रेंच वसाहतींत सार्वमत घेतलं. एकट्या गिनीने 'नको' म्हटलं आणि २ ऑक्टोबरला तो देश स्वतंत्र झाला. फ्रेंच अधिकारी लगोलग निघून गेले, जाताना कागदपत्रं आणि उपकरणं उचलून नेली. बाकीच्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी डिसेंबर १९४५ मध्ये सुरू केलेलं सीएफए फ्रँक हे चलन आजही १४ देशांत चालतं. कित्येक दशकं या देशांना परकीय चलनाचा निम्मा किंवा त्याहून जास्त साठा फ्रान्सच्या तिजोरीत ठेवावा लागे. जानेवारी १९९४ मध्ये या चलनाची किंमत एका फटक्यात निम्मी झाली आणि आयात औषधांचे भाव एका रात्रीत दुप्पट झाले. पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांपुरती ती ठेवीची अट काढण्याचं डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालं. युरोशी बांधलेला दर कायम आहे.

कायद्याचं आणि प्रशासनाचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. त्यासाठी महमूद मामदानी यांच्याकडे जावं लागतं. जन्म मुंबईचा, वाढले कंपालात, आणि १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं त्यांत तेही होते. त्यांची १९९६ची मांडणी अशी: वसाहतवादी राज्याने माणसांची दोन गटांत वाटणी केली. शहरात नागरिक, त्यांना दिवाणी कायदा आणि हक्क. खेड्यात प्रजा, तिला रूढी आणि तिची जमात, आणि त्या रूढीचा अर्थ लावणारा, कर गोळा करणारा, जमीन वाटणारा, शिक्षा देणारा असा एकच मुखिया. त्या मुखियाचं हे एकहाती बळ परंपरेतून आलेलं नव्हतं; ते इंग्रजांनी दिलेलं होतं. नायजेरियाच्या आग्नेयेला इग्बो लोकांत अनेक ठिकाणी राजे-मुखिये नव्हतेच, गावसभा होत्या. इंग्रजांना कारभारासाठी मुखिये हवे होते, म्हणून त्यांनी सनदा देऊन ते तयार केले. १९२९ मध्ये बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली, तेव्हा हजारो स्त्रिया या सनदी मुखियांच्या दारात जाऊन बसल्या, गाणी म्हणत त्यांना घेराव घातला, त्यांच्या टोप्या हिसकावून घेतल्या, कचेऱ्या जाळल्या. गोळीबारात पन्नासच्या आसपास स्त्रिया मारल्या गेल्या. त्या स्त्रियांना नेमकं माहीत होतं की रूढीच्या नावावर चाललेला कारभार त्यांची रूढी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर शहरातला वंशभेद बऱ्याच ठिकाणी गेला, खेड्यातली ही व्यवस्था मात्र टिकली. रवांडात बेल्जियमने १९३०च्या दशकात माणूस हुतू समाजाचा की तुत्सी समाजाचा अशी नोंद असलेली ओळखपत्रं दिली होती. १९९४ मध्ये नाक्यानाक्यावर तीच नोंद पाहून माणसं मारली गेली. आपली वर्तमानपत्रं अशा वेळी 'टोळीयुद्ध' असं छापून मोकळी होतात. मामदानी वाचलेल्या माणसाला तो मथळा पुन्हा लिहिता येत नाही.

याच मामदानींचा केपटाऊन विद्यापीठात १९९८च्या सुमारास आफ्रिकेच्या पायाभूत अभ्यासक्रमावरून मोठा खटका उडाला. त्यांचा एक आक्षेप असा होता की अभ्यासक्रमातली आफ्रिका सहाराच्या खाली सुरू होते आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर संपते. हेगेलचा नकाशा वर्णभेद संपल्यानंतरच्या वर्गात तसाच टांगलेला होता. त्याच विद्यापीठात ९ एप्रिल २०१५ रोजी ऱ्होड्सचा पुतळा हलवला गेला आणि निर्वसाहतीकरण हा शब्द जगभर गेला. तुमच्या मार्गदर्शकांना लाट म्हणून दिसते ती इथून पुढची. पाणी खूप आधीपासून वाहतं आहे.

भाषेच्या बाबतीत तर आफ्रिकी लेखक आजही एकमेकांशी भांडतात, आणि या वादात मला कुठल्याच बाजूला पूर्ण उभं राहता आलेलं नाही. जून १९६२ मध्ये कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. निमंत्रण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना होतं. स्वाहिलीतले थोर कवी शाबान रॉबर्ट आणि योरुबात लिहिणारे फागुन्वा त्या यादीत बसत नव्हते. तेव्हा विद्यार्थी असलेले केनियाचे न्गुगी वा थिओंगो दोन-चार इंग्रजी कथांच्या बळावर बसत होते. न्गुगींना हे पुढे आयुष्यभर टोचलं. १९६८ मध्ये नैरोबी विद्यापीठात त्यांनी दोन सहकाऱ्यांसह मागणी केली की इंग्रजी विभाग बंद करा आणि आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी आणा. १९७७ मध्ये लिमुरूजवळच्या कामिरीथू या त्यांच्या गावात, चहाच्या मळ्यांत आणि बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या लोकांसोबत त्यांनी गिकुयू या आपल्या मातृभाषेत नाटक उभं केलं. उघड्यावरचं नाट्यगृह गावकऱ्यांनी स्वतः बांधलं. तालमींत म्हातारे लोक संवाद अडवायचे: असं कुणी बोलत नाही, हे गाणं असं नाही. संहिता त्यांनीच दुरुस्त केली. विषय होता एका शेतकऱ्याची दीड एकर जमीन धनदांडगे कशी गिळतात हा. काही आठवड्यांत सरकारने परवाना काढून घेतला आणि वर्षाच्या शेवटी न्गुगींना खटल्याविना तुरुंगात टाकलं. तोवर ते सरकारवर इंग्रजीत टीका करतच होते, तेव्हा असं झालं नव्हतं. तुरुंगात त्यांनी संडासच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली.

नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचं म्हणणं निराळं होतं. इंग्रजी आमच्या हाती पडली आहे, तिला वाकवू, आमचा अनुभव पेलायला लावू. आणि गिनी-बिसाऊच्या मुक्तिलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल यांनी तर आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं की पोर्तुगीज भाषा ही पोर्तुगीजांनी मागे ठेवलेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. ती हत्यार आहे, वापरा.

काब्राल यांच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सुरुवात मी तुम्हाला त्यांच्यापासून करायला सांगणार आहे. ते शेतीतज्ज्ञ. १९५३ मध्ये वसाहती सरकारच्या नोकरीत असताना त्यांनी पोर्तुगीज गिनीची (म्हणजे आजच्या गिनी-बिसाऊची) कृषिगणना केली. कुठली जमात भात कसं पिकवते, जमीन कुणाच्या ताब्यात, बाईच्या वाट्याला काय काम, कुठे मुखिया आहे आणि कुठे नाही, हे सगळं त्यांनी गावोगाव हिंडून नोंदवलं. पुढे लढा उभारताना हीच माहिती त्यांच्या कामाला आली. लोक कुणाच्या डोक्यातल्या कल्पनांसाठी लढत नाहीत, बरं जगता यावं, मुलांचं भलं व्हावं म्हणून लढतात, असं त्यांनी १९६५ मध्ये कार्यकर्त्यांना बजावलं. लोकांना खोटं सांगू नका, सोप्या विजयाच्या बढाया मारू नका, हेही त्याच सूचनापत्रात आहे. ताईत बांधला की गोळी लागत नाही अशा समजुती ते हिणवत नसत, पण जपायच्या गोष्टींत धरतही नसत. संस्कृतीत पुढे नेणारं असतं तसं मागे खेचणारंही असतं, असं ते स्पष्ट म्हणत. २० जानेवारी १९७३ रोजी शेजारच्या गिनी देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, त्यांचा खून झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गिनी-बिसाऊने स्वातंत्र्य जाहीर केलं.

संस्कृतीच्या नावाने काय काय खपवता येतं याचं उदाहरण म्हणून काब्रालशेजारी काँगोचा हुकूमशहा मोबुटू याला ठेवून पाहा. १९७१ मध्ये त्याने काँगोचं नाव झैर केलं, पुढे ख्रिस्ती नावं बदलायला लावली, सूट-टायवर बंदी घालून स्वतःचा राष्ट्रीय पोशाख आणला. तांब्याचा पैसा त्याच काळात परदेशी बँकांत जात होता. नावं आफ्रिकी झाली, लूट तशीच राहिली. निर्वसाहतीकरण हा शब्द आता आपल्याकडच्याही सरकारी भाषणांत ऐकू येतो, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम देतो. नायजेरियाचे तत्त्वज्ञ ओलुफेमी ताइवो यांनी २०२२ मध्ये या शब्दाच्या सरसकट वापरावर पुस्तकच लिहिलं. राजकीय आणि आर्थिक स्वातंत्र्य हा एक अर्थ, तो त्यांना मान्य. पण राज्यघटना, व्यक्तिस्वातंत्र्य, आधुनिकता हे सगळं गोऱ्यांचं म्हणून टाकून द्या, याला त्यांचा विरोध आहे. आफ्रिकी लोकांनी या कल्पना स्वतः निवडल्या, वापरल्या, बदलल्या, ते कर्तृत्व त्यांच्याकडून का काढून घेता, असं ते विचारतात. मला हे बरंचसं पटतं. मामदानींच्या खेड्यातला मुखिया वाचला की 'आपलं ते चांगलं' हे वाक्य जपून वापरावं लागतं.

राहिला बाहेरच्यांच्या नजरेचा मुद्दा. दीडशे कोटींच्या आसपास लोक, ५४ देश, दोन हजारांच्या घरात भाषा, आणि भारत नऊ वेळा मावेल एवढी जमीन. २०१४ मध्ये गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत इबोलाची मोठी साथ आली, तेव्हा लोकांनी केनियाच्या सहली रद्द केल्या. सिएरा लिओनच्या फ्रीटाउनपासून नैरोबीपेक्षा स्पेनचं माद्रिद जवळ आहे. माद्रिदच्या सहली त्यासाठी कुणी रद्द केल्या नाहीत. मर्केटरचा १५६९चा नकाशा ग्रीनलंडला जवळजवळ आफ्रिकेएवढं दाखवतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी संघाने तो नकाशा बदलण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. एका इंग्रजी साप्ताहिकाने मे २००० मध्ये मुखपृष्ठावर 'निराशेचं खंड' छापलं आणि डिसेंबर २०११ मध्ये 'उभारी घेणारी आफ्रिका'. दोन्ही वेळा आख्खं खंड एकाच शब्दात बसवलं.

आपण भारतीय यातून सुटलेलो नाही. मलिक अंबरला महाराष्ट्रात सगळे ओळखतात, शहाजीराजांसोबतची भातवडीची लढाई, जमीनमहसूल, औरंगाबादचे नळ यांसाठी. तो ज्या इथिओपियातून आला तिथे तेव्हा काय चाललं होतं, हे आपल्या पुस्तकांत सापडत नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारलं, तेव्हा दिल्लीतल्या आफ्रिकी राजदूतांनी मिळून हा वंशद्वेष असल्याचं जाहीर केलं. अक्राच्या विद्यापीठात जून २०१६ मध्ये उभारलेला गांधीजींचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये हलवला गेला, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणातले काळ्या लोकांविषयीचे उल्लेख तिथल्या प्राध्यापकांनी वाचले होते. गांधीजींची मतं पुढे बदलली हेही खरं. पण आपल्याकडे यावर झालेली चर्चा बहुतेक रागाची होती. त्या प्राध्यापकांचं निवेदन किती जणांनी वाचलं?

आता सुरुवात. आधी काब्राल यांची निवडक भाषणं वाचा, छोटी आहेत आणि सरळ आहेत. मग हुंतोंजी, आणि लगेच ओरुका, म्हणजे वाद ताजा राहील. मामदानी तिसऱ्या क्रमांकावर. इतिहासाचा पाया हवा असेल तर युनेस्कोचे आफ्रिकेच्या इतिहासाचे आठ खंड इंटरनेटवर मोफत मिळतात. १९६४ मध्ये हे काम सुरू झालं, आणि प्रत्येक खंडाचे संपादक आफ्रिकी विद्वान आहेत. डाकारच्या कोडेस्रिया या समाजविज्ञान संशोधन संस्थेची बरीच प्रकाशनंही विनामूल्य आहेत. संदर्भसूचीत डाकार, इबादान, दार-ए-सलाम, कंपालात छापलेलं किती आहे ते अधूनमधून पाहत जा. आपली ग्रंथालयं लंडन-न्यूयॉर्कची पुस्तकं घेतात, त्यामुळे मुद्दाम शोधल्याशिवाय ती सापडत नाहीत.

आणि इथे बसून करता येईल असा एक विषय सुचवतो. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत असे. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींतल्या चळवळींची संयुक्त परिषद स्थापन झाली, तिच्यात अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ यांच्याबरोबर गोव्याचेही प्रतिनिधी होते. त्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद भरला आणि आफ्रिकी नेते त्याला आले. डिसेंबरात गोवा मुक्त झाला. बारदेशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा त्या परिषदेच्या कामात होते. पुढे मोझांबिकची राजधानी मापुतो इथल्या आफ्रिकी अभ्यास केंद्राचे ते संचालक झाले. १९८२ मध्ये तिथे आलेल्या पत्रबाँबने त्यांच्या सहकारी रूथ फर्स्ट यांचा जीव घेतला, ते स्वतः जखमी झाले, आणि १९८६ मध्ये मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्या विमान अपघातात गेले. गोव्याच्या मुक्तिलढ्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, पण ही आफ्रिकेकडची बाजू त्यात फार थोडी येते. १९६१ची मराठी वर्तमानपत्रं जुन्या ग्रंथालयांत आहेत. गोव्याच्या बातम्यांशेजारी अंगोलाच्या उठावाचं काय छापलं, कुठल्या वृत्तसंस्थेवरून घेतलं, आणि तिथल्या लढणाऱ्यांना कुठल्या शब्दांनी संबोधलं, एवढंच तपासलंत तरी लघुप्रबंध होईल. काब्राल यांचे कागद लिस्बनच्या एका प्रतिष्ठानने इंटरनेटवर खुले केले आहेत, पणजीच्या अभिलेखागारात पोर्तुगीज दप्तर आहे. पोर्तुगीज वाचण्यापुरती शिकून घ्या, वर्षभरात जमते. मार्गदर्शकांकडे जाताना या विषयाचं एक पानी टिपण आणि त्या वर्षीच्या दोन-चार कात्रणांच्या प्रती सोबत न्या.